स्टॅट्सला पैसे कोण देतं?

संख्याशास्त्राच्या शिक्षणात एक उलटी गोष्ट आहे आणि ती आपल्या खान्देशातल्या घरांत बहुतेक वेळा उशिरा कळते. इथे मोठी पदवी स्वस्त असते आणि छोटी महाग. अमेरिकेत दोन वर्षांचं एम.एस. करायचं तर तीस-चाळीस लाखांचं कर्ज सहज निघतं. त्याच विभागात पाच वर्षांची पीएच.डी. करणाऱ्याची फी विद्यापीठ माफ करतं, वर महिन्याला खर्चापुरते पैसे देतं आणि बदल्यात पदवीच्या मुलांचे तास घ्यायला, पेपर तपासायला लावतं. भारतातही थोडं तसंच आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये, एम.स्टॅट. या पदव्युत्तर पदवीला शिक्षण शुल्क नाही, उलट दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन मिळत आलं आहे. शहरातल्या एखाद्या चकचकीत खासगी संस्थेत ‘डेटा सायन्स’ नावाचा अभ्यासक्रम घ्यायला मात्र लाखो रुपये मोजावे लागतात. म्हणून ‘कुठे प्रवेश मिळेल?’ हा प्रश्न दुसरा. ‘कोण पैसे देईल?’ हा पहिला.

ही लाजेची गोष्ट नाही. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख सापडला, तो अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात आहे. शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायचं म्हटल्यावर खर्च कुठून भागणार हे दगडावर कोरून ठेवलं होतं. आपण निदान ऑफर लेटर नीट वाचावं.

आधी देशातलं बघू, कारण बहुतेकांचा रस्ता तिथूनच जातो. तीन वर्षांच्या बी.एस्सी.नंतर थेट परदेशी पीएच.डी.ला अर्ज करता येत नाही असं नाही, पण अनेक विद्यापीठं तीन वर्षांची पदवी पुरेशी धरत नाहीत. शिवाय जिल्ह्याच्या कॉलेजातल्या बी.एस्सी.त रिअल अ‍ॅनालिसिस आणि मेझर थिअरी (संभाव्यतेमागचं शुद्ध गणित) पुरेशी होतेच असं नाही. चांगल्या ठिकाणची एम.एस्सी. ही उणीव भरून काढते. त्यासाठी मुख्य दारं तीन: आयआयटीसाठी जॅम, आयएसआयची स्वतःची परीक्षा आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी. पुण्याचं विद्यापीठ आणि आपलं जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्या प्रवेशाचे नियम वेगळे असतात, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावे लागतात.

या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी गुणपद्धतीवर एक संध्याकाळ खर्च करावी. स्टॅट्सच्या विद्यार्थ्याने अपेक्षित मूल्य, म्हणजे सरासरी किती गुण पडतील हे, काढलं नाही तर कोणी काढायचं? जॅमच्या मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला चुकल्यास एक तृतीयांश गुण कापला जातो. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर अपेक्षित गुण बरोबर शून्य येतात. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं, तर तेच एक नवमांश होतात. म्हणजे लिहावं. आयएसआयच्या सकाळच्या पेपरची बऱ्याच वर्षांची पद्धत निराळी: बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला शून्य, सोडलेल्या प्रश्नाला एक. डोळे मिटून उत्तर दिलं तर अपेक्षित गुण एक, सोडलं तरी एक. एक पर्याय बाद करता आला की एक पूर्णांक एक तृतीयांश. सीयूईटी पीजीत बरोबर उत्तराला चार आणि चुकीला उणे एक असल्याने नुसत्या अंदाजालाही अपेक्षा पाव गुणाची, तीही धन. याचा अर्थ सीयूईटीत कोरा प्रश्न ठेवणं हे नुकसान आहे. तरी दरवर्षी ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, रिस्क नको’ असं म्हणत मुलं दहा-पंधरा प्रश्न सोडून येतात.

जॅममध्ये ज्या प्रश्नांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असतात, त्यांना वजा गुण नाहीत, पण अर्धवट उत्तराला गुणही नाहीत. आकडा टाइप करायच्या प्रश्नांनाही वजा गुण नाहीत. तिथे चूक वेगळ्याच ठिकाणी होते: उत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत मागितलेलं असतं आणि मध्येच आकडे राउंड केल्याने शेवटचं स्थळ चुकतं. व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर माउसने चालवायचा असतो, त्याची सवय घरी केलेली बरी.

दुपारचा आयएसआयचा पेपर मात्र लेखी आहे आणि तिथे कोचिंगची युक्ती चालत नाही. सिद्ध करा, कारण द्या, प्रतिउदाहरण द्या. आपल्याकडच्या विद्यापीठ परीक्षेत ‘स्टेट अँड प्रूव्ह’ म्हटलं की पाठ केलेलं उतरवायची सवय लागते, आणि इथे प्रश्न ओळखीचा नसतो. जुने प्रश्न रोज एक, पूर्ण वाक्यांत, वही मिटून सोडवणं हाच उपाय. चार-पाच प्रश्नांची उत्तरं पूर्ण आणि स्वच्छ असणं, सगळ्या प्रश्नांना हात लावण्यापेक्षा बरं.

कागदपत्रांत घोळ होतो तो बहुतेक ओबीसी दाखल्याचा. तहसील किंवा सेतूतून मिळालेला राज्याचा नॉन-क्रिमिलेअर दाखला आयआयटी-आयएसआयला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखला त्यांनी दिलेल्या तारखेनंतरचा असावा लागतो. ईडब्ल्यूएसचंही तसंच, चालू आर्थिक वर्षाचा. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा आणि दाखला प्रवेशाच्या वेळी तपासला जायचा, या फटीत जुना दाखला जोडलेली मुलं अडकतात. एप्रिल लागला की नव्या दाखल्याचा अर्ज टाकून द्या. निकालाची वाट बघत बसू नका.

जॅमचा निकाल लागल्यावर जागा ऑनलाइन पोर्टलवर वाटल्या जातात. पसंतीक्रम भरताना ‘मिळणार नाही’ म्हणून वरची संस्था गाळू नका, कारण क्रमात वर ठेवल्याने खालची जागा हातची जात नाही. ऑफर आली की तीन रस्ते: पक्की करा, स्वीकारून वरच्या पसंतीची वाट बघा, किंवा नाकारा. गंमत अशी, की नाकारलं की त्या वर्षाच्या फेऱ्यांतून बाहेर. घाईत तिसरं बटण दाबणारे असतात. आयएसआयचा निकाल उशिरा येतो, तोपर्यंत आयआयटीची जागा धरून ठेवायला फी भरावी लागते. ती परत किती मिळेल हे नियमात दिलेलं असतं, वाचून ठेवा. एनआयटीच्या जागांचं समुपदेशन वेगळं असतं, त्याचं नाव सीसीएमएन, आणि नोंदणीही स्वतंत्र.

एम.एस्सी.च्या खर्चासाठी आपल्याकडे महाडीबीटीवरचे अर्ज बहुतेकांना माहीत असतात. ज्यांचं बारावीचं बोर्डाचं स्थान वरच्या एक टक्क्यात होतं, त्यांना मूलभूत विज्ञानासाठीची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत जाते आणि संख्याशास्त्र त्यात बसतं. हे बारावीनंतरच बघायला हवं होतं, पण धाकट्या भावंडांसाठी तरी लक्षात ठेवा.

पीएच.डी. देशात करायची तर कणा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. विषय ‘मॅथेमॅटिकल सायन्सेस’, आणि संख्याशास्त्र त्यातलं चौथं युनिट. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्तीचे) ४२,०००, हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. पेपरचे भाग तीन. ‘क’ भागात ६० पैकी फक्त २० प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी ४.७५ गुण, आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. म्हणून संख्याशास्त्रवाल्याने सगळं टोपोलॉजी-अल्जेब्रा ओढत बसू नये. चौथं युनिट पूर्ण, लिनिअर अल्जेब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिस घट्ट, एवढ्यावर वीस प्रश्न निघतात. गेट या राष्ट्रीय परीक्षेत २०१९पासून संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो, जॅमसारखा एका वर्षात बाद होत नाही.

राज्याच्या फेलोशिप वेगवेगळ्या संस्थांकडून मिळतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी गटासाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. नंदुरबारच्या मुलांनी शेवटचं नाव विशेष लक्षात ठेवावं. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून पीएच.डी. नोंदणीचं पत्र, जातवैधता आणि मार्गदर्शकाची सही असलेली कागदपत्रं आधी फाइलला लावून ठेवायची. सुरुवातीचे काही महिने हातात काही येणार नाही असं धरूनच खोलीचं भाडं ठरवा.

आता परदेश. अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या अर्जांची मुदत साधारण १ ते १५ डिसेंबरला संपते आणि हाच काळ आपल्या सेमिस्टर परीक्षांचा असतो, हे पहिलं संकट. दुसरं, शिफारसपत्रं. तीन लागतात. आपले सर-मॅडम मनाने मोठे असतात, पण पत्रात ‘सिन्सिअर, ओबीडियंट, हार्ड-वर्किंग’ एवढंच लिहितात, आणि त्याने तिथल्या प्रवेश समितीला काहीच कळत नाही. तिला हवं असतं ते असं: चाळीसच्या वर्गात ही मुलगी दुसरी होती, प्रोबॅबिलिटीच्या पेपरात हा प्रश्न तिने वेगळ्या रीतीने सोडवला, प्रोजेक्टमध्ये मॉडेल बसत नव्हतं तेव्हा तिने अवशेषांचा (प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांचा) आलेख काढून कारण शोधलं. सरांना हे आठवावं म्हणून एक पानाची टिपणं स्वतः नेऊन द्यावीत. त्यात उघड मागणी नको, फक्त तपशील: कुठले पेपर त्यांच्याकडे शिकलो, किती गुण, प्रोजेक्टचा विषय, मुदतीच्या तारखा. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: पत्राची लिंक जीमेलवर गेली की काही विद्यापीठं शंका घेतात, आणि कॉलेजच्या मेलवर गेली की स्पॅममध्ये पडते. सरांकडे कॉलेजचा चालू मेल आहे का, हे ऑक्टोबरात बघून घ्या.

नावाचंही बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव टाका आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सीजीपीए स्वतः चारच्या मापात बदलू नका. मागितलं नसेल तर आपल्या मापातच लिहा. गुणपत्रिकेवर ‘एसटी-३०२’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून तिथल्या प्राध्यापकाला काय कळणार? प्रत्येक पेपरात काय शिकवलं हे दोन-दोन ओळींत सांगणारं पान जोडा. विशेषतः रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा आणि मेझर-आधारित प्रोबॅबिलिटी ठळक दिसू दे. अमेरिकी समिती आधी हेच शोधते, कारण पहिल्या वर्षी नापास होणारे बहुतेक इथेच अडखळतात. पायथन-आर येतं हे सांगणं ठीक, पण ते सगळ्यांनाच येतं.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये ‘लहानपणापासून मला आकड्यांची आवड’ हे वाक्य आलं की वाचणारा पान उलटतो. खान्देशात राहणाऱ्याला खरं तर विषय शोधावा लागत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान सलग ठरावीक दिवस मर्यादेबाहेर गेलं की. शेत केंद्रापासून दहा किलोमीटर दूर असेल, तर केंद्रावरचा आकडा त्या शेताचा नसतो. बाग होरपळली तरी पैसे नाहीत, किंवा उलट. याला विम्याच्या भाषेत बेसिस रिस्क म्हणतात, आणि अवकाशीय संख्याशास्त्राचा हा सरळ प्रश्न आहे: केंद्रांमधल्या जागेवरच्या तापमानाचा अंदाज, त्या अंदाजाची अनिश्चितता, आणि सलग दिवसांच्या अटीमुळे ती किती वाढते. असा एक परिच्छेद, त्यात काय येत नाही हेही लिहून, तीन पानांच्या कौतुकापेक्षा जास्त बोलतो. रावेर-यावलचं नाव त्यात यावं, पण विषय केळी नसून सहप्रसरण, म्हणजे दोन जागांचं तापमान किती बरोबरीने बदलतं हे, आहे हे विसरू नका.

अमेरिकेत प्रवेश समिती ठरवते, त्यामुळे प्राध्यापकांना शंभर ईमेल पाठवण्यात अर्थ नाही. जर्मनीत नेमकं उलट. तिथे पीएच.डी. ही बहुधा नोकरी असते, सार्वजनिक सेवेच्या ई-१३ श्रेणीत, कधी पूर्ण, कधी दोन तृतीयांश वेळेची, आणि जागा त्या प्राध्यापकाकडेच असते. मास्टर्सला बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावे लागतात, आणि भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं) लागतं, ज्याला वेळ जातो. ‘फुकट’ म्हणून ऐकलेलं असतं, पण सुरुवातीला दहा-बारा लाख हाताशी लागतातच. कॅनडात बऱ्याच ठिकाणी संशोधनावर आधारित मास्टर्सलाही टीएशिप (शिकवण्याच्या कामाचे पैसे) मिळते, हे कमी जणांना ठाऊक असतं.

रँकिंगबद्दल एक इशारा. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत विद्यापीठाच्या एकूण जागतिक क्रमांकाची अट असते. संख्याशास्त्र विभागाचा दर्जा आणि विद्यापीठाचा एकूण क्रमांक यांचा मेळ बसेलच असं नाही. आयोवा स्टेटला १९३३ साली सांख्यिकी प्रयोगशाळा निघाली, विषयात त्यांचं नाव आजही मोठं आहे, पण एकूण यादीत ते बरंच खाली दिसतं. शिष्यवृत्तीवर जायचं असेल तर यादी अटीप्रमाणे करा. विद्यापीठाच्या पैशावर जायचं असेल तर विभागाप्रमाणे. या दोन याद्यांची सरमिसळ केली की दोन्हीकडून हुकतं. बायोस्टॅटिस्टिक्स विभागांचे काही पैसे अमेरिकी सरकारच्या ट्रेनिंग ग्रँटमधून येतात आणि ते फक्त तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळतात. तरी अर्ज करावा, पण ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना निधी कशातून मिळतो?’ हे ईमेल करून विचारावं.

अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. आठ-दहा ठिकाणी टाकले तर लाखाच्या आसपास जातात. फी माफी मागता येते, पण मुदतीच्या आधी. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे. लागत असेल तर परीक्षेच्या दिवशीच चार विद्यापीठांना स्कोअर मोफत पाठवता येतो, नंतर प्रत्येकाला पैसे. टीएशिपसाठी इंग्रजी बोलण्याच्या गुणांची वेगळी मर्यादा असते. एकूण स्कोअर चांगला आणि बोलण्याचा कमी, यात निधी अडतो.

ऑफर आली की आकडा बघून नाचू नका. समजा, २७,००० डॉलर लिहिलेत. हे नऊ महिन्यांचे की बाराचे? उन्हाळ्याचे तीन महिने मोकळे असतील तर तेव्हा भाडं कोण भरणार? ‘ट्युइशन वेव्हर’मध्ये विद्यार्थी फी येते का? आरोग्य विमा कोण भरतं? फी १,५०० आणि विमा ३,००० धरला तर हाती २२,५०० आले, कर वेगळा. निधी पाच वर्षांचा पक्का, की ‘समाधानकारक प्रगतीवर अवलंबून’? क्वालिफाइंग परीक्षेत किती जण गळतात? हे तिथल्या चालू विद्यार्थ्यांना विचारा. ते सहसा खरं सांगतात.

एम.एस.साठी कर्ज काढणार असाल तर शेतजमिनीचा सातबारा घेऊन बँकेत जाऊ नका. वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँका ती तारण घेत नाहीत. बिनशेती प्लॉट, मालमत्ता पत्रक असलेलं घर, मुदत ठेव, एलआयसी चालते. गावठाणातलं घर असेल तर वकिलाचा टायटल सर्च तीस वर्षं मागे जातो, आणि आजोबांच्या नावावरून वारस नोंद झालेली नसेल तर तिथेच दोन-तीन महिने जातात. हिशेबही करा. ४० लाख, ११ टक्के: निम्मे पहिल्या वर्षी आणि निम्मे दुसऱ्या वर्षी उचलले, तर हप्ता सुरू होण्याआधीच्या अडीच वर्षांच्या सवलतीच्या काळात सरळव्याजानेच ८ लाख ८० हजार व्याज चढतं. ते मुद्दलात गेलं की दहा वर्षांचा हप्ता ६७,००० च्या वर. त्या काळातलं व्याज दरमहा भरत राहिलात तर हप्ता ५५,१०० च्या आसपास थांबतो. तिथे नोकरी लागलीच नाही आणि परत यावं लागलं, तर हा हप्ता पुण्या-मुंबईच्या सुरुवातीच्या पगारातून जाईल का, एवढं घरी बसून कागदावर मांडा.

अमेरिकी विद्यापीठांत निधीच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याचा करार बहुतेकांनी मान्य केलेला आहे. त्याआधी कोणी ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणून दडपण आणलं, तर नम्रपणे त्या तारखेचा उल्लेख करा. नको असलेल्या ऑफर मात्र लवकर सोडा. दोन ओळींचा ईमेल पुरतो, आणि वेटिंगवर बसलेल्या कुणाला तरी त्या आठवड्यात पत्र जातं.